सीफनरच्या गॅरेजमधली तीन माणसं

डॉन गार्लिट्सचं नाव निघालं की लोक आकडे सांगू लागतात. ड्रॅग रेसिंगमध्ये ताशी २०० मैल गाठले ते १९६४ मध्ये. २५० मैलांपलीकडे गेला तो १९७५ मध्ये. १९८६ मध्ये २७० ओलांडले. मोठमोठ्या शर्यती जिंकल्या, तीन वेळा एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या मुख्य संघटनेचा टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गाचा, विजेता झाला, त्याची एक गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हे सगळं खरं आहे आणि थोर आहे. पण मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटतं ते एका गाडीमुळे, आणि ती गाडी घडत असताना फ्लोरिडातल्या सीफनर गावच्या त्याच्या गॅरेजमध्ये असलेल्या आणखी दोन माणसांमुळे. टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल. (कॉनी हे इथे पुरुषाचं नाव आहे. पुढे आणखी एक कॉनी येणार आहे, तोही पुरुषच.)

खेड-चाकणकडच्या माणसाला ड्रॅग रेसिंग समजायला वेळ लागत नाही. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटते तसाच हा प्रकार. वळण नाही, फेरे नाहीत, सरळ पट्टी आणि काही सेकंदांत निकाल. फरक इतकाच की इथे दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, जागेवरून सुटतात, आणि जी आधी पोहोचेल ती जिंकते. हरणारी घरी जाते. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या मापात ४०२ मीटर. सगळ्यात वेगवान गाड्यांसाठी २००८ पासून ते १००० फुटांवर आणलं आहे.

एवढ्याशा अंतरासाठी माणसं आयुष्य कशी काढतात, हा प्रश्न इंजिनवर काम न केलेला माणूसच विचारतो. टॉप फ्युएल वर्गाच्या गाडीत पेट्रोल नसतं, नायट्रोमिथेन असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोच्या आसपास पुरते, कारण प्राणवायूचा मोठा वाटा त्या द्रवाच्या रेणूतच असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन सिलिंडरमध्ये ओतता येतं. वरून सुपरचार्जर हवा कोंबत असतो. आजच्या गाड्यांची ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या पुढे मानली जाते. अशा इंजिनात एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकली, तर तिथे न जळलेलं इंधन साचतं आणि पुढच्या क्षणी हेड उडू शकतं. म्हणून प्रत्येक धावेनंतर इंजिन पूर्ण उतरवतात. प्लग बघतात, पिस्टनचा माथा बघतात, बेअरिंगवर काय उमटलंय ते बोट फिरवून बघतात, आणि तासाभराच्या आत सगळं पुन्हा बांधून गाडी पट्टीवर नेतात. या खेळातलं शिक्षण त्या तासात होतं. ते पुस्तकात उतरवणं अवघड, कारण प्लगवरचा रंग आणि बेअरिंगवरची झीज शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या माणसानेच दाखवावी लागते.

गार्लिट्सला असं दाखवणारं सुरुवातीला फारसं कुणी नव्हतं. १९३२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला जन्म. शाळेनंतर काही काळ हिशेबनिसाची नोकरी, मग ती सोडून गाड्यांच्या दुरुस्तीत. त्या काळी ड्रॅग रेसिंगचं सगळं वजन कॅलिफोर्नियात होतं. चांगले कॅमशाफ्ट तिथे बनत, चांगल्या पट्ट्या तिथे होत्या, मासिकं तिथून निघत. टँपाच्या पोराने १९३० च्या शेवरोलेच्या चासीच्या पट्ट्या घेतल्या, त्यात क्रायस्लरचं हेमी इंजिन बसवलं आणि १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रुक्सव्हिलच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर ताशी १७६.४० मैल वेग नोंदवला. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी विश्वासच ठेवला नाही. फ्लोरिडाची घड्याळं बिघडली असतील म्हणाले. १९५९ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला शर्यतीसाठी गेला तेव्हा त्याची हुर्यो उडवली गेली, आणि तिथे तो हरलाही. पुढे आपल्या गाड्यांना त्याने कायमचं नाव दिलं, स्वॅम्प रॅट. दलदलीतला उंदीर. फ्लोरिडाच्या माणसाला हिणवायला दलदल आठवणाऱ्यांना दिलेलं ते उत्तर आहे असं मी मानतो.

१९५९ मध्येच साउथ कॅरोलायनातल्या चेस्टरला सुपरचार्जर फुटला आणि तो भाजला. हात वाईट जळाले. गाडी मात्र थांबली नाही. टँपाच्याच आर्ट मॅलोनला त्याने आपल्या जागी बसवलं. स्वतः बांधलेली गाडी, जिच्यातला वेल्डचा प्रत्येक थेंब आपल्या हातचा, ती दुसऱ्याने चालवायची आणि आपण पट्टी बांधलेल्या हातांनी कडेला उभं राहायचं. गार्लिट्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मॅलोन त्या गाडीत तयार झाला, पुढे वेगळा झाला, आणि १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या मोठ्या शर्यतीच्या अंतिम फेरीत गार्लिट्ससमोर जी गाडी उभी होती ती मॅलोनची होती. त्या दिवशी गार्लिट्स जिंकला. पण आपण ज्याला आपल्या खुर्चीत बसवलं तो अंतिम फेरीत शेजारच्या लेनमध्ये उभा राहतो, यापेक्षा मोठी पावती बांधणाऱ्याला कोणती मिळणार?

आता त्या गाडीकडे येतो.

साठच्या दशकातल्या ड्रॅगस्टरला स्लिंगशॉट म्हणत, म्हणजे गलोल. इंजिन पुढे, आणि चालक पार मागे, मागच्या ॲक्सलच्याही मागे. भार मागच्या चाकांवर यावा म्हणून ही रचना. तिचा परिणाम असा की चालकाच्या दोन्ही मांड्यांमध्ये डिफरन्शियल, पायांच्या मध्ये क्लच आणि ट्रान्समिशन, आणि तोंडासमोर सुपरचार्जर. इंजिन फुटलं तर आग, तेल आणि लोखंड सगळं त्याच्याच दिशेने येणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिन मागे न्यावं हेही अनेकांना सुचलं होतं, काहींनी तशा गाड्या बांधल्याही होत्या. पण त्या सरळ जात नसत. वेग वाढला की डोलायला लागत आणि भिंतीला जाऊन भिडत. सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की मागे इंजिन असलेली गाडी म्हणजे मरण.

८ मार्च १९७० ला लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सची गाडी सुटली, आणि सुटताक्षणी तिचं ट्रान्समिशन फुटलं. त्याने स्वतः बनवलेलं, दोन गिअरचं. गाडीचे दोन तुकडे झाले. त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. प्रेक्षकांत बसलेल्या एका तरुणालाही उडालेल्या तुकड्याने गंभीर इजा झाली. इस्पितळाच्या खाटेवर पडून गार्लिट्सने मागे इंजिन असलेल्या गाडीचा विचार सुरू केला.

इथपर्यंतची कहाणी सगळे सांगतात. जखमी वीर, खाटेवरचं रेखाटन, आणि मग थेट विजय. मधले महिने कुणी फारसे सांगत नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटतात.

१९७० च्या हिवाळ्यात सीफनरला ती गाडी उभी राहिली. स्वॅम्प रॅट १४. स्विंगल चासी बांधण्यात आणि वेल्डिंगमध्ये तरबेज, शिवाय स्वतः चालकही, गार्लिट्सच्या गाड्या त्याने आधी चालवलेल्या होत्या. लेमन्स गाडीची सगळी यंत्रणा बघणारा. गाडी बांधून झाली, चाचणीला नेली, आणि तीही आधीच्या सगळ्या गाड्यांसारखीच डोलू लागली. इकडचं सुटं कर, तिकडचं घट्ट कर, सगळं करून झालं. एका टप्प्यावर गार्लिट्स कल्पना सोडून पुन्हा पुढे इंजिन असलेल्या गाडीकडे वळायला निघाला होता. त्याची बायको पॅट हिने त्याला तसं करू दिलं नाही. जा आणि ही गाडी सरळ चालायला लाव, हा तिचा आग्रह. चेस्टरची आग आणि लायन्सचा स्फोट, दोन्हींची झळ तिला लागली होती. कोणत्या गाडीत आपला माणूस जिवंत घरी येईल, हे तिला त्या गॅरेजमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

उत्तर सापडलं ते स्टिअरिंगमध्ये. जुन्या गाडीत चालक मागच्या टोकाला बसलेला, त्यामुळे गाडीचं शेपूट जरा हललं की त्याच्या कमरेला कळे आणि तो पटकन सावरे. त्यासाठी स्टिअरिंग चपळ ठेवलेलं असायचं. इंजिन मागे गेलं, चालक पुढे आला. आता शेपूट हललेलं त्याला उशिरा कळतं. तो सावरतो ते नको तितकं, कारण स्टिअरिंग जुन्या सवयीचं, चपळ. मग उलट्या बाजूला तितकंच. गाडी डोलत नव्हती, तिला डोलवलं जात होतं. स्टिअरिंगचं प्रमाण बदललं, चाक जास्त फिरवलं तरी पुढची चाकं थोडीच वळतील असं केलं, आणि गाडी सरळ गेली. इतकं साधं. कितीतरी हुशार बांधणाऱ्यांना इतकी वर्षं चासीत, वजनात, टायरमध्ये दोष दिसत होता. दोष चालकाच्या जागेच्या आणि त्याच्या हाताच्या नात्यात होता.

हे एकट्या माणसाला सापडणं कठीण होतं. जो चालवतो त्याला फक्त गाडी डोलते एवढं जाणवतं, आणि जो बाहेरून बघतो त्याला चाक कुठल्या क्षणी वळलं ते दिसतं. सीफनरच्या गॅरेजमध्ये दोन माणसं अशी होती की जी स्वतः चालवत आणि स्वतःच बांधत, एकाने चालवलं की दुसरा बाहेर उभा राही, आणि तिसरा यंत्राचा खडान्खडा जाणणारा. शिवाय ते एकमेकांना बोलू शकत होते. गार्लिट्स तोवर या खेळातलं सगळ्यात मोठं नाव झाला होता. अशा माणसाच्या गाडीबद्दल त्याच्याच पगारावरच्या कारागिराने ‘हे चुकतंय’ म्हणावं आणि मालकाने पाना घेऊन पुन्हा सुरुवात करावी, हे प्रत्येक गॅरेजमध्ये घडत नाही.

मला हे इतकं भिडतं त्याचं कारण पिंपरीतलं एक रीबोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा मापात आणून देणारं, वर्कशॉप आहे. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे शिकलो. तिथले मिस्त्री सिलिंडरचं माप कधी एकट्याने घेत नसत. दोन पोरांना वेगवेगळं बोअर डायल धरायला लावायचे, प्रत्येकाने आपलं रीडिंग कागदावर लिहून उलटा ठेवायचा, आणि मग स्वतःचं. तिन्ही कागद एकदम सुलटे करायचे. पोराचं माप वेगळं आलं तर ओरडत नसत. आधी स्वतः पुन्हा मोजायचे. “अरे, डायल मला घाबरत नाही, तूही घाबरू नको,” एवढंच म्हणायचे. पुढे मी मोठ्या कंपनीच्या टेस्ट बेडवर काम केलं, लाखोंची उपकरणं हाताळली, पण तो उलटा ठेवलेला कागद कुठल्या कार्यपद्धतीत मला सापडला नाही. शिकवणारा माणूस काय शिकवतो यापेक्षा तो शिकणाऱ्याचं माप कागदावर येऊ देतो का, हे मी तेव्हापासून बघत आलो.

१९७१ च्या जानेवारीत नवी गाडी कॅलिफोर्नियाला गेली. तिची पहिली मोठी शर्यत त्याच लायन्सच्या पट्टीवर, आणि तिथे ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. नंतर पोमोनाला विंटरनॅशनल्स जिंकली. मग बेकर्सफील्डही जिंकलं, जिथे बारा वर्षांपूर्वी त्याची हुर्यो उडाली होती. दोन-तीन वर्षांत पुढे इंजिन असलेल्या टॉप फ्युएल गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. त्या बदलामुळे किती माणसं वाचली ते मोजणं शक्य नाही, पण आज या वर्गातला प्रत्येक चालक इंजिनाच्या पुढे बसतो.

फ्लोरिडात ओकालाजवळ, इंटरस्टेट ७५ च्या कडेला, गार्लिट्सने १९८४ मध्ये ड्रॅग रेसिंगचं संग्रहालय सुरू केलं. कामानिमित्त अमेरिकेत होतो तेव्हा मी तिथे गेलो. पहिली स्वॅम्प रॅट तिथे आहे, आणि नंतरच्या गाड्याही. एकामागून एक गाड्या बघत चाललं की कुठला प्रश्न कधी सुटला ते पाठ्यपुस्तकासारखं समोर येतं. माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिली ती गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे नुसत्या त्याच्या गाड्या नाहीत. प्रतिस्पर्ध्यांच्या आहेत, ज्यांनी त्याला हरवलं त्यांच्याही आहेत. या खेळात जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग नव्या गाडीत घालायची रीत होती, भंगारात जाणं हाच बहुतेक गाड्यांचा शेवट. त्या शोधून आणून, दुरुस्त करून, सांभाळायचं काम या माणसाने आणि पॅटने केलं.

शर्ली मल्डाउनीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची ही बाई. नवरा जॅक मेकॅनिक, त्याने तिच्यासाठी गाड्या बांधल्या आणि ती चालवू लागली. १९७३ मध्ये तिने टॉप फ्युएलचा परवाना घेतला, असा परवाना मिळवणारी पहिली स्त्री. या खेळाची एक पद्धत मला अतिशय आवडते. परवान्यासाठी नुसती चाचणी देऊन भागत नाही, आधीपासून परवाना असलेल्या चालकांनी तुमची धाव बघून सही करावी लागते. हा माणूस शेजारच्या लेनमध्ये असला तर मला चालेल, असा त्या सहीचा अर्थ. शर्लीच्या अर्जावर सह्या होत्या डॉन गार्लिट्स, टॉमी आयव्हो आणि कॉनी कलिटा यांच्या. बाईने हे करावं का यावर तेव्हा कडाक्याची भांडणं चालू होती, आणि गार्लिट्सशी तिचं नातंही पुढे अनेक वर्षं खडाजंगीचं राहिलं. तरी सही केली.

हा कलिटा म्हणजे दुसरा कॉनी. तो स्वतः चालक, आणि शर्लीचा क्रू चीफ झाला. गाडी कशी ट्यून करायची, पट्टीची पकड बघून क्लच किती घसरू द्यायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे क्रू चीफ. प्रेक्षकांना चालक दिसतो, पण निम्मी शर्यत क्रू चीफ सुटण्याआधीच लढलेला असतो. १९७७ मध्ये शर्लीने एनएचआरएचं टॉप फ्युएल विजेतेपद मिळवलं तेव्हा कलिटा तिच्यासोबत होता. नंतर दोघं कडवटपणे वेगळे झाले. १९८० आणि १९८२ ची विजेतेपदं तिने त्याच्याविना जिंकली. १९८२ ला इंडियानापोलिसच्या यूएस नॅशनल्सच्या अंतिम फेरीत समोर कलिटाच होता आणि तिने त्याला हरवलं. १९८४ मध्ये माँट्रियलला तिच्या गाडीचं पुढचं चाक निकामी होऊन भयंकर अपघात झाला, पाय चिरडले गेले. दोन वर्षांनी ती परतली.

मॅलोनची आणि शर्लीची गोष्ट मी शेजारी ठेवतो तेव्हा मला एकच दिसतं. या खेळात शिकवणाऱ्याला शिष्य जवळ राहील ही आशा ठेवताच येत नाही. तो शेजारच्या लेनमध्ये येणार, तुमच्याच युक्त्या घेऊन येणार. ज्यांना हे सोसत नाही ते युक्त्या कुलपात ठेवतात. असे बांधणारेही या खेळात पुष्कळ झाले, इंजिनावर फडकं टाकून ठेवणारे. त्यांच्यातल्या काहींची कारागिरी अव्वल होती. पण ती त्यांच्यासोबत संपली.

आणि कधीकधी शिष्य परत येतो. १९८४ मध्ये गार्लिट्स बराचसा बाजूला पडला होता. वय बावन्न. त्याला पुन्हा इंडियानापोलिसला न्यायला पुढाकार घेतला तो आर्ट मॅलोनने, पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या भाजलेल्या हातांऐवजी स्टिअरिंग धरणाऱ्याने. गार्लिट्स ती शर्यत जिंकला. पुढची दोन्ही वर्षं तो राष्ट्रीय विजेता होता.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होऊ लागल्या तेव्हा मी फार आनंदलो. पुण्या-मुंबईच्याच नव्हे, दक्षिणेतल्याही गॅरेजांनी बांधलेल्या गाड्या तिथे पळाल्या. मी तिथे पट्टीपेक्षा पिटमध्ये जास्त रमलो. टर्बो बसवलेल्या इंजिनापाशी वाकलेला ट्यूनर, लॅपटॉपवरचा आलेख, आणि मागे उभं राहून मान उंचावून बघणारी विशीतली पोरं. काही ट्यूनर लॅपटॉप त्यांच्याकडे वळवत होते आणि आलेखावर बोट ठेवून सांगत होते. काही पडदा मिटवत होते. चाकण, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात इंजिनांबद्दल जेवढं ज्ञान आहे तेवढं देशात फार थोड्या ठिकाणी असेल. ते कंपन्यांच्या गेटाआड आणि वयस्कर मिस्त्रींच्या बोटांत आहे. माझ्या मिस्त्रींचं वर्कशॉप आज तिथे नाही, जागेवर गोडाऊन आहे. त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी निदान तिघांची स्वतःची वर्कशॉप आहेत, एक चिखलीत, एक तळेगावात, एक थेट कराडला. कराडचा पोरगा अजूनही कागद उलटा ठेवतो. मी स्वतः बघून आलो.

गार्लिट्स म्हातारपणी काय करत होता हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने विजेवर चालणारा ड्रॅगस्टर पळवला. ताशी १८४ मैल. पाच वर्षांनी पुन्हा दुसऱ्या गाडीने १८९. इंधनाच्या इंजिनाने २०० चा टप्पा ओलांडला तेव्हा तो पहिल्यांत होता, विजेच्या गाडीनेही आपणच आधी पोहोचावं अशी त्याची इच्छा होती. ते झालं नाही, २०२० मध्ये दुसऱ्या कुणीतरी तो आकडा गाठला. पण त्या गाड्यांमध्ये बॅटऱ्या होत्या, मोटर होत्या, कंट्रोलर होते. प्लगचा रंग नाही, बेअरिंगवरची झीज नाही, नायट्रोचा वास नाही. साठ वर्षं ज्या खुणांवरून तो यंत्र ओळखत आला त्यातली एकही खूण तिथे उपयोगाची नव्हती. ती यंत्रणा ज्यांना कळत होती त्यांना विचारून, त्यांनी सांगितलेलं मानून, तो त्या खुर्चीत बसला आणि गाडी सोडली.